पडद्यावरचा ताफा आणि बुलढाण्याचे जवान

सैनिकांना व्हिडिओ गेम खेळायला दिले जातात ते नेमबाजी शिकवण्यासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मात्र या खेळांचा खरा उपयोग संकटाच्या क्षणी निर्णय घेणे आणि तो मोजक्या शब्दांत सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवणे, याच्या सरावासाठी होतो. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९९६च्या सुमारास ‘डूम’ या लोकप्रिय खेळात फेरफार करून चार जणांच्या तुकडीसाठी जो सराव-खेळ तयार केला, त्यातही भर तुकडीच्या समन्वयावरच होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इराक युद्धातील आहे. रस्त्याकडेला पेरलेली स्फोटके आणि दबा धरून होणारे हल्ले यांमुळे अमेरिकी ताफ्यांची हानी वाढू लागली, तेव्हा २००४ मध्ये ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ या बाजारात मिळणाऱ्या खेळावर बेतलेली ‘डार्वार्स ॲम्बुश’ ही प्रणाली तयार करण्यात आली. तीत प्रत्येक सैनिक स्वतंत्र संगणकापुढे बसत असे. कोणी गाडी हाकत असे, कोणी बंदूक सांभाळत असे, सर्व जण हेडफोनवरून परस्परांशी बोलत आणि हल्ला कोठे व केव्हा व्हावा, हे प्रशिक्षक ठरवत असे. फेरी संपल्यावर तिचे चित्रण पुन्हा दाखवून कोणाचा निरोप कोणाला मिळाला नाही, याची छाननी केली जात असे, आणि ही छाननी खेळापेक्षाही मोलाची मानावी लागेल.

ताफ्यावरील हल्ला ही बुलढाणा जिल्ह्याला दूरदेशीची गोष्ट नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे स्फोटकांनी भरलेली मोटार ताफ्यावर आदळवून केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ४० जवानांचा बळी घेण्यात आला, त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड हे होते. अशा स्फोटात सापडलेल्या जवानाला काही करण्याची संधीच उरत नसल्याने, संगणकावरील सरावाने ते वाचले असते असे सुचवणे दिशाभूल करणारे ठरेल. हा सराव कामी येतो तो मागच्या गाड्यांतील जवानांना, स्फोटानंतरच्या काही मिनिटांत.

भारताच्या संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सिम्युलेटरचा, म्हणजे प्रत्यक्ष परिस्थितीचा आभास निर्माण करणाऱ्या यंत्रणेचा, वापर वाढवण्यासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला. त्यामागचे कारण उघड आहे: रणगाडा चालवायला इंधन लागते, तोफेचा गोळा महाग असतो आणि खऱ्या शस्त्राशी झालेली चूक जिवावर बेतते. पुढच्याच वर्षी आलेल्या, ‘अग्निवीर’ म्हणून सैन्यात भरती करणाऱ्या अग्निपथ योजनेत सुरुवातीचे प्रशिक्षण सुमारे २४ आठवड्यांवर आले, त्यामुळे उरलेली कसर पडद्यावर भरून काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

हा मोह आवरलेलाच बरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू आलेले अग्निवीर अक्षय गवते बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचे होते. तेथील विरळ हवा आणि हाडे गोठवणारी थंडी कोणत्याही संगणकावर अनुभवता येत नाही, तसेच पाठीवरचे ओझे आणि जिवाची भीतीही येत नाही. मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळण्यात तरबेज असलेल्या गावोगावच्या मुलांनीही हे लक्षात ठेवावे, कारण सैन्य भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटरची धाव आजही स्वतःच्या पायांनीच पूर्ण करावी लागते.