धान्याचा पासपोर्ट

हल (ईस्ट यॉर्कशायर), सप्टेंबर 2025

इंग्लंडमध्ये गव्हालाही पासपोर्ट लागतो. ट्रेलर भरला की शेतमालक कागद पुढे ओढतो. धान्य कुठल्या कोठारातलं, काढणीनंतर त्यावर कीडनाशक मारलं का, ज्या ट्रेलरमधून ते निघालंय त्यात आधीच्या तीन खेपांना काय भरलं होतं, हे सगळं त्यावर लिहून द्यावं लागतं. वर ‘रेड ट्रॅक्टर’ या प्रमाणन योजनेचा स्टिकर. गिरणीच्या दारात नमुना काढतात, ओल मोजतात. ओल 15 टक्क्यांच्या वर निघाली तर पैसे कापतात किंवा माल नाकारतात, आणि कागद अर्धवट असेल तर ट्रक आल्या वाटेने परत.

इथल्या गव्हाचा हा पासपोर्ट बहुतेक वेळा फार दूरच्या प्रवासाचा नसे. हलच्या पूर्वेला, हंबरच्या खाडीकाठी सॉल्टएंड नावाचा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. तिथल्या व्हिवर्गो या इथेनॉल प्रकल्पाची भूक वर्षाला सुमारे 11 लाख टन गव्हाची. थंड, दमट हवेत इथे गहू एकरी भरघोस उतरतो, पण पाव फुगायला लागतात तेवढी प्रथिनं त्यातल्या बऱ्याचशा मालात नसतात. असा गहू जनावरांच्या खाद्यात जातो, नाहीतर इथेनॉलला. व्हिवर्गोत त्याचं इंधन व्हायचं आणि उरलेला प्रथिनयुक्त चोथा पुन्हा पशुखाद्य म्हणून दुभत्या गाईंपुढे यायचा. ऊस, मळी आणि इथेनॉल यांचं गणित ज्याला पाठ आहे, त्या कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको.

8 मे 2025 रोजी ही साखळी तुटली, तीही एका फोनवर.

त्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये पत्रकारांसमोर स्पीकरफोन लावून डोनाल्ड ट्रम्प आणि ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी व्यापार समझोता जाहीर केला. एप्रिलमध्ये अमेरिकेने ब्रिटिश मालावर सरसकट 10 टक्के आयातशुल्क बसवलं होतं, मोटारींवर तर एकूण 27.5 टक्के. समझोत्यात मोटारींना सवलत मिळाली: वर्षाला एक लाख गाड्यांपर्यंत 10 टक्केच. त्या बदल्यात ब्रिटनने जे दिलं त्यात एक ओळ इथेनॉलची होती. अमेरिकी इथेनॉलवरचा 19 टक्के कर 140 कोटी लिटरपर्यंत शून्य. हा आकडा बारकाईने पाहायला हवा. ब्रिटनमध्ये वर्षभरात जेवढं इथेनॉल खपतं, साधारण तेवढीच ही सवलत आहे. म्हणजे दार किलकिलं केलेलं नाही, चौकटीसकट काढून दिलंय. अमेरिका वर्षाला 6,000 कोटी लिटरच्या वर इथेनॉल बनवते. तिच्या दृष्टीने ही विक्री दोन-सव्वादोन टक्क्यांची.

पुढचं सगळं एका उन्हाळ्यात उरकलं. व्हिवर्गोच्या मालकांनी सरकारकडे मदत मागितली. 15 ऑगस्टला सरकारने नकार दिला आणि महिनाअखेर कारखाना बंद पडला. दीडशेहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. ब्रिटनमधला हा सर्वांत मोठा इथेनॉल कारखाना. टीसाइडचा दुसरा मोठा कारखाना, एन्सस, तेव्हा सरकारच्या तोंडाकडे पाहत होता. सरकारचं म्हणणं असं की व्हिवर्गोची दुखणी जुनी आहेत, त्यावर करदात्यांचा पैसा ओतण्यात अर्थ नाही. यात तथ्य नाही असं नाही. हा कारखाना 2018 मध्येही बंद पडला होता, पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण 2021 मध्ये आल्यावर पुढच्या वर्षी तो पुन्हा धूर सोडू लागला. पण आजारी माणसाचा प्राणवायू काढून घ्यायचा आणि वर तो मुळातच अशक्त होता म्हणायचं, हा युक्तिवाद गहू पिकवणाऱ्याला पटवणं कठीण.

शेतमालकाची खरी चीड वेगळीच आहे. त्याने अमेरिकेला आयुष्यात गव्हाचा दाणा विकलेला नाही. ट्रम्प यांचं आयातशुल्क त्याच्या मालाला शिवलंही नाही. तरी सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक गेलं ते त्याचंच. आणि त्याच्या गव्हाची जागा घेणारं इथेनॉल मक्याचं. अमेरिकेतला नव्वद टक्क्यांहून जास्त मका जनुकबदल केलेल्या वाणांचा असतो. ब्रिटनमध्ये असं एकही पीक आज व्यापारी शेतीत नाही. तिकडच्या शेतमालकाला तीन खेपांचा हिशेब कोणी विचारत नाही. पासपोर्ट फक्त आपल्याच गव्हाला का, हा प्रश्न इथे बाजारातही ऐकू येतो आणि पबमध्येही.

भावाचं बोलायचं तर 2022 च्या मे महिन्यात, युक्रेन युद्ध भरात असताना, पशुखाद्याचा गहू टनाला 300 पौंडांच्या वर गेला होता. 2025 च्या सुगीत तो 170 पौंडांच्या आसपास घुटमळत होता. खत आणि डिझेल त्या प्रमाणात उतरलेलं नव्हतं. त्यात सॉल्टएंडचा फाटा बंद झाल्यावर माल लांबच्या गिरणीला नाहीतर बंदरावर न्यायचा, म्हणजे वाढीव भाडं टनामागे शेतमालकाच्याच हिशेबातून वजा. 2025 चा वसंत इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. जूनमध्ये यॉर्कशायरमध्ये दुष्काळ जाहीर झाला होता. पिकाने आधीच हात आखडता घेतलेला, त्यात हे.

गुरं पाळणाऱ्याला हाच समझोता वेगळा दिसतो. दोन्ही देशांनी एकमेकांना वर्षाला 13,000 टन गोमांसाची सवलत दिली आहे. संप्रेरकं टोचलेल्या जनावरांचं मांस ब्रिटन आजही घेणार नाही. ती बंदी 1989 पासूनची आहे, ती उठवली असती तर शेतकऱ्यांनी लंडनचे रस्ते ट्रॅक्टरांनी भरले असते. ब्रिटिश मांसाची अमेरिकेतली आजवरची अडचण शुल्काइतकीच रांगेची होती. ते ‘इतर देश’ नावाच्या 65,000 टनांच्या सामाईक कोट्यात मोडायचं. ब्राझील तो कोटा जानेवारीतच फस्त करायचा, मग उरलेल्यांना 26.4 टक्के शुल्क. समझोत्यात ब्रिटनला स्वतःचं पान वाढून मिळालं. शिवाय अमेरिकेतली गुरांची संख्या 1 जानेवारी 2025 ला 8.67 कोटी भरली, 1951 नंतरची सर्वांत कमी. तिथे मांस महाग आहे, म्हणजे वेल्स-स्कॉटलंडच्या गोपालकाला संधी आहे.

तरी तो उड्या मारत नाही, कारण त्याला आठवण आहे. वेड्या गाईच्या रोगामुळे अमेरिकेने ब्रिटिश गोमांसाला दार लावलं ते उघडायला 2020 उजाडलं. कोकराच्या मांसावरची बंदी 1989 ची, पहिली खेप गेली ऑक्टोबर 2022 मध्ये. 2019 मध्ये तर विमान बनवणाऱ्या कंपन्यांच्या अनुदानावरून अमेरिका आणि युरोप भांडले आणि 25 टक्के शुल्क बसलं ते ब्रिटिश चीजवर आणि स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीवर. ते मार्च 2021 मध्ये स्थगित झालं. विमानाच्या पंखाशी चीजचा संबंध काय, हे तेव्हाही कोणाला कळलं नव्हतं.

म्हणून इथला शेतमालक शुल्काच्या आकड्यापेक्षा त्याच्या चंचलपणाला जास्त घाबरतो. 10 टक्के असेल तर 10 टक्के, बसतं गणित जुळवता. पण गाय आज भरवली तर त्या वासराचं मांस बाजारात यायला अडीच-तीन वर्षं लागतात. हिवाळी गहू आता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरला तर पुढच्या ऑगस्टमध्ये हाती येतो. वॉशिंग्टनचा निर्णय मात्र रात्रीत फिरतो. बँकेला कर्जाच्या अर्जात पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक दाखवायचं तर दाखवायचं कोण? घरच्या सरकारनेही घोर कमी केला नाही. पर्यावरणपूरक शेतीची अनुदान योजना मार्च 2025 मध्ये नव्या अर्जांना अचानक बंद झाली, आणि एप्रिल 2026 पासून दहा लाख पौंडांच्या वरच्या शेतीला वारसाकर लागण्याची टांगती तलवार तेव्हा होती.

मराठी वाचकाला यात एक योगायोग दिसेल. व्हिवर्गोला नकार मिळाला त्याच्या चार दिवसांनी, 19 ऑगस्टपासून, भारत सरकारने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेच्या 50 टक्के शुल्काच्या सावटाखाली कापड उद्योग चेपला जात होता, त्याला स्वस्त कापूस मिळावा म्हणून. विदर्भातला कापूस तेव्हा बोंडावर यायचा होता. हलच्या शेतमालकाला यवतमाळ नकाशावर सापडणार नाही, पण गोष्ट सांगितली तर दुसऱ्यांदा सांगावी लागणार नाही.

भारत त्याच्या बोलण्यात येतो तो बार्लीच्या निमित्ताने. 24 जुलैला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यानुसार व्हिस्कीवरचं 150 टक्के शुल्क करार लागू होताच 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं. अमेरिका हे स्कॉच व्हिस्कीचं किमतीच्या हिशेबाने सर्वांत मोठं गिऱ्हाईक, आणि मे महिन्याच्या समझोत्यातही तिच्यावरचे 10 टक्के तसेच राहिले. तेव्हा मुंबई-पुण्याचे पेले भरले तर बार्लीला उठाव येईल, अशी आशा. भट्टीत आज टाकलेली बार्ली स्कॉच म्हणवून घ्यायला किमान तीन वर्षं लाकडी पिंपात पडून राहते, ही त्यातली गोम.

सप्टेंबर संपत आलाय. होल्डरनेसच्या सपाट रानात पेरणी यंत्रं फिरायला लागली आहेत. गव्हाऐवजी दुसरं काय, तर मोहरीच्या जातीचं रेपसीड. त्याची रोपं वर येताच भुंगेरे चाळण करतात, म्हणून पुष्कळांनी ते सोडलं. तेव्हा पुन्हा गहूच. कोठारात मागची रास अजून पडून आहे, दाराशी पासपोर्टचं बाड खिळ्याला लटकतंय. सॉल्टएंडकडे वळणारा ट्रक आता फाट्यावर न थांबता सरळ पुढे जातो.