डोळ्यातल्या सुईची भीती आणि खरे धोके

"डोळ्यात सुई टोचून घेण्यापेक्षा आहे तेवढं दिसतंय ते बरं." पडद्याच्या डॉक्टरांकडे ताटकळत बसलेल्या आजी-आजोबांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. भीती अगदी स्वाभाविक आहे. पण तिच्यापायी दोन-तीन महिने निघून जातात आणि तेवढ्यात गेलेली नजर बहुतेकदा परत मिळत नाही.

पीतबिंदू हा डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरे ओळखणं सगळं त्याच्यावर. वयानुसार तो झिजू लागतो. दहापैकी नऊ जणांमध्ये ही झीज कोरडी आणि संथ असते. उरलेल्यांत पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, पाझरतात आणि फुटतात. हा ओला प्रकार काही आठवड्यांतच मधली नजर हिरावू शकतो. डोळ्यातलं इंजेक्शन या रक्तवाहिन्यांना आवर घालण्यासाठी असतं.

गैरसमज : इंजेक्शनाने डोळा जातो.

जाऊ शकतो, पण क्वचित. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने जंतू मारतात आणि केसासारख्या बारीक सुईने पांढऱ्या भागातून साधारण ०.०५ मिली औषध आत सोडतात. सर्वांत मोठी भीती असते ती आत जंतुसंसर्ग होण्याची. तो साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एकदा होतो. पडदा सुटणं किंवा डोळ्यातल्या भिंगाला इजा होणं हेही असंच विरळ. हा धोका प्रत्येक इंजेक्शनाला नव्याने असतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू बघा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मरीना चाचणीत ओल्या प्रकारच्या रुग्णांना रॅनिबिझुमॅब या औषधाची इंजेक्शनं दिली गेली. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर टिकली किंवा फारशी घसरली नाही. ज्यांना औषध न देता नुसतं इंजेक्शनाचं सोंग केलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ६२ टक्के होतं. औषध मिळालेल्यांपैकी जवळपास तिघांतल्या एकाला तर तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता आल्या. दोन्ही पारडी समोर ठेवली, तर उपचार टाळण्याचा धोकाच कितीतरी जड आहे.

इंजेक्शनानंतर पांढऱ्या भागावर दिसणारा लालभडक डाग पाहून घरचे घाबरतात. तो पंधरवड्यात विरतो. पण पहिल्या आठवड्यात दुखणं वाढत गेलं, उजेड सहन होईना, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रविवार असला तरी. संसर्गात तासांना किंमत असते.

गैरसमज : स्वस्त इंजेक्शन म्हणजे धोक्याचं इंजेक्शन.

बेव्हॅसिझुमॅब हे मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं औषध. २०११ सालच्या कॅट चाचणीत नजर टिकवण्यात ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं. गोम आहे ती वाटणीत. कर्करोगासाठीच्या एका कुपीतून डोळ्यांसाठी अनेक छोटे डोस काढतात आणि तिथे स्वच्छतेत कसूर झाली, किंवा कुपीच बनावट निघाली, तर एकाच दिवशी अनेकांचे डोळे धोक्यात येतात. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातमधून अशा तक्रारी आल्यावर औषध नियंत्रकांनी त्याचा डोळ्यांसाठीचा वापर थांबवला आणि पुढे काही आठवड्यांनी ती बंदी उठवली. म्हणून औषधाला नावं ठेवण्यापेक्षा डोस कुठे आणि कसा भरला जातो, हे विचारा. ते विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे.

नवं आणि महाग म्हणून सुरक्षित, हेही खरं नाही. ओल्या प्रकारावरच्याच ब्रोल्युसिझुमॅब या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि काही महिन्यांतच पडद्याच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडल्याच्या घटना पुढे आल्या.

गैरसमज : दिसायला लागलं, आता पुरे.

हे मला सर्वांत घातक वाटतं. औषध काही आठवड्यांत ओसरतं आणि रक्तवाहिन्या पुन्हा पाझरू लागतात. दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवता येतं, पण ते तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचं. अलीकडे अर्धांगाचा किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर तेही त्यांना आधी सांगा.

गैरसमज : जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी नुकसान काय होणार?

ठरावीक मिश्रणाच्या गोळ्या मध्यम टप्प्यातल्या आजाराची पुढची वाटचाल काहीशी मंदावतात. धडधाकट डोळ्यांना त्यांचा उपयोग नाही. त्यातही जुन्या मिश्रणातल्या बीटा कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आणि ज्या 'मूळपेशी' उपचारांच्या जाहिराती फिरतात, त्यांच्याविषयी एवढं लक्षात ठेवा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका खासगी दवाखान्यात तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटाच्या चरबीतून पेशी काढून एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत सोडल्या. पैसेही त्यांच्याकडूनच घेतले. तिघींची बहुतेक दृष्टी कायमची गेली. २०१७ साली हे वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. प्रयोगाच्या नावाखाली पैसे मागणारा आणि दोन्ही डोळे एकदम हाताळणारा माणूस दिसला, की तिथून उठून या.

साठी उलटली असेल तर रोज सकाळी चष्मा लावून एकेक डोळा झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींकडे बघा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधली तारीख पुसल्यासारखी वाटली, तर 'मोतीबिंदू असेल' म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्या.