मळात खर्ची पडणारे क्लोरीन

२०२० च्या उन्हाळ्यात करोनाच्या साथीला आळा घालण्यासाठी मुंबई महानगर प्रदेशातील इतर शहरांप्रमाणे मीरा-भाईंदरमध्येही सार्वजनिक जागांवर सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी झाली, आणि त्याच्या उग्र वासाने विषाणू मेल्याचा दिलासा नागरिकांना दिला. तो दिलासा बऱ्याच अंशी फोल होता. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी १५ मे रोजी रस्ते व बाजारांतील अशी फवारणी शिफारसयोग्य नसल्याचे सांगितले, कारण धूळ आणि घाण जंतुनाशकाला निष्प्रभ करतात.

हायपोक्लोराइट पाण्यात मिसळले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि विषाणूचे आवरण, प्रथिने व जनुकीय द्रव्य यांवर मुख्यतः तेच घाला घालते. परंतु विषाणूचे प्रथिन कोणते आणि माशाच्या रक्तातले कोणते, हा भेद त्याला कळत नाही. भाईंदर-उत्तन पट्ट्यात मासळी कापण्याच्या ठोकळ्यावर दुपारपर्यंत रक्त, खवले आणि बुळबुळीत स्राव यांचा थर साचतो, त्यावर द्रावण ओतले असता क्लोरीन आधी त्या थरातील प्रथिनांशी संयोग पावून क्लोरामाइन नावाची, विषाणूंपुढे बरीच दुबळी असलेली संयुगे बनवते, आणि थराच्या तळाशी असलेल्या विषाणूपर्यंत फारच थोडे पोहोचते. वासावर तर मुळीच विसंबू नये: पोहण्याच्या तलावाचा ओळखीचा दर्प बहुतांशी या संयुगांचाच असतो, म्हणजे तो खर्ची पडलेल्या क्लोरीनची खूण आहे.

म्हणूनच विषाणुनाशके तपासण्याच्या युरोपीय मानकात 'स्वच्छ' आणि 'अस्वच्छ' अशा दोन स्थिती ठरवलेल्या आहेत; पहिलीत लिटरमागे ०.३ ग्रॅम प्रथिन मिसळतात, तर दुसरीत ३ ग्रॅम प्रथिन आणि शिवाय रक्तपेशी. पुसलेल्या पृष्ठभागासाठी जागतिक आरोग्य संघटना ०.१ टक्का क्लोरीन पुरेसे मानते, पण रक्त सांडले असेल तर ०.५ टक्का सांगते. मात्रा वाढवण्यालाही मर्यादा आहेत, कारण दाट द्रावण कातडी व डोळ्यांना इजा करते आणि संडास धुण्याच्या आम्लाशी मिसळल्यास विषारी वायू सोडते. त्यापेक्षा ठोकळा आधी साबणाच्या पाण्याने घासून धुणे, नंतर ताजे द्रावण लावून काही मिनिटे तसेच राहू देणे हे स्वस्तही आहे आणि परिणामकारकही. झाडू आणि ब्रश यांना निर्जंतुकीकरणात दुय्यम लेखण्याची सवय निव्वळ अज्ञानाची आहे.

पिण्याच्या पाण्यात हाच हिशेब अधिक नाजूक होतो, कारण तेथे क्लोरीन लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजले जाते. १९५५-५६ मध्ये यमुनेतून दिल्लीच्या वझिराबाद जलशुद्धीकरण केंद्रात सांडपाणी शिरले, तेव्हा क्लोरीन वाढवण्यात आले आणि विषमज्वराची साथ टळली, तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जीवाणूंना पुरलेली मात्रा विषाणूला पुरली नव्हती. तो विषाणू हिपॅटायटिस ई असल्याचे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले.

मात्र क्लोरीनचे हे खर्ची पडणे पाणीपुरवठ्याच्या कामी येते. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे असे भारतीय मानक सांगते, आणि ते अचानक नाहीसे झाल्यास वाटेत जलवाहिनीत मळ शिरल्याचा संशय घ्यावा लागतो. ऑर्थोटोलिडीनच्या, म्हणजेच ओटी चाचणीत पाणी लगेच पिवळे झाले तर ते मुक्त क्लोरीन. रंग काही मिनिटांनी हळूहळू चढला, तर क्लोरीन आधीच दुसऱ्या कशाशी तरी बांधले गेलेले असते.