शब्दबोध : ‘अप्लॉम’मध्ये दडलाय गवंड्याचा ओळंबा
मुलाखतीत अनपेक्षित प्रश्न आला, तरी काही जण न गडबडता उत्तर देतात. कठीण प्रसंगीही न ढळणाऱ्या अशा आत्मविश्वासाला इंग्रजीत ‘अप्लॉम’ म्हणतात. स्पेलिंगच्या शेवटी ‘बी’ असला, तरी त्याचा उच्चार होत नाही. ‘शी आन्सर्ड विथ अप्लॉम’ म्हणजे ‘तिने न डगमगता उत्तर दिले’.

हा शब्द एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये ‘आ प्लों’ म्हणजे ओळंब्यात, अगदी सरळ उभ्या रेषेत. ‘प्लों’ म्हणजे शिसे, लॅटिनमध्ये ‘प्लंबम’. शिशाची रासायनिक संज्ञा ‘पीबी’ आणि नळकाम करणारा ‘प्लंबर’ हे दोन्हीही त्यावरूनच आले. रोमन काळात पाण्याचे नळ शिशाचे असत.

भिंत सरळ आहे का, हे गवंडी ओळंबा सोडून पाहतो. ओळंब्याला धक्का लागला तर तो झुलतो. पण आपल्याच वजनाने पुन्हा सरळ रेषेत येऊन थांबतो. बॅले नृत्यातही शरीराच्या स्थिर तोलाला हाच शब्द वापरतात. त्यामुळे मोठ्या आवाजात बोलणे म्हणजे ‘अप्लॉम’ नव्हे. धक्का बसल्यावरही तोल सावरता येणे, ही त्याची खरी खूण.