ऐकू येणं आणि समजणं : रणगाड्यातल्या इंटरकॉमची परीक्षा

शब्द आणि अर्थ यांच्या नात्याचा प्रश्न आज आपण एका वेगळ्याच जागी नेऊन पाहू : रणगाड्याच्या पोटात.

चिलखती गाडी वेगात असताना आतला गोंगाट शंभर डेसिबलच्या वर जातो. शेजारच्याचं बोलणंही हेल्मेटमधल्या इंटरकॉमवरूनच ऐकायचं. मग इंटरकॉम चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं? ‘आवाज मोठा येतो का?’ एवढं विचारून भागत नाही. का, ते बघा. बोलण्यात स्वर दणकट असतात. बरीचशी व्यंजनं दुबळी आणि उंच पट्टीतली. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली. पण ती फार वाढली की वरच्या पट्टीतलंही झाकून टाकते. ‘आ’ पोहोचतो, पण ‘चार’ की ‘पार’ की ‘बार’, ते कळत नाही. आवाज वाढवावा, तर मायक्रोफोनमध्ये शिरलेला गोंगाटही सोबत वाढतो.

म्हणून परीक्षा घ्यायची ती व्यंजनांची. १९६५ साली हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिफाइड ऱ्हाइम टेस्ट’ मांडली. सहा-सहा शब्दांचे पन्नास गट. एका गटात पिन, टिन, फिन, सिन असे शब्द. फरक एकाच व्यंजनाचा. बोलणारा एक शब्द उच्चारतो, ऐकणारा सहांतून खूण करतो. नुसत्या अंदाजानंही पन्नासपैकी आठ-एक बरोबर येणारच! म्हणून चुकांचा पाचवा हिस्सा गुणांतून वजा करतात. परीक्षा गाडीच्या खऱ्या गोंगाटात, हेल्मेट घालूनच घ्यायची. शांत खोलीतला निकाल इथं कामाचा नाही.

अमेरिकी लष्करी मानक १४७२ नुसार ९७ टक्के म्हणजे उत्कृष्ट, ९१ म्हणजे नेहमीच्या वापराला योग्य, ७५ म्हणजे किमान.

आता तुम्ही म्हणाल, सुटे शब्द कशाला, सरळ हुकूमच ऐकवा की! इथंच खरी गंमत आहे. अर्थ अखंड वाक्याचा असतो, असं भर्तृहरी म्हणतो. ऐकणारा वाक्यातून निसटलेलं मनानं भरून काढतो. १९५१ साली मिलर, हाइज आणि लिक्टन यांनी प्रयोगानं दाखवलं, की त्याच गोंगाटात अंक सहज ओळखू येतात, निरर्थक अक्षरं मात्र येत नाहीत. कारण अंक दहाच; काय येणार, ते आधीच ठाऊक. म्हणजे हुकूम ऐकवले, तर आपण यंत्राची नाही, ऐकणाऱ्याच्या अपेक्षेची परीक्षा घेतो. यंत्र मात्र फुकट पास होतं.

अपेक्षा एरवी मदत करते. पण तोफेजवळ बसलेल्याला अपेक्षित हुकूमच ‘ऐकू’ आला आणि सांगितलेलं काही वेगळंच असलं तर? त्या क्षणी त्याच्या हाती उरतं ते एखादं व्यंजन. ते पोहोचतं का, एवढंच ही कंटाळवाणी परीक्षा विचारते. आणि म्हणूनच ती घ्यायची.

इथं थांबतो. प्रश्न जरूर विचारा.