वाटीतली गायीची श्वासनलिका

लांबचा प्रवास करून आलेली, वेगवेगळ्या कळपांतून एकत्र कोंबलेली वासरे काही दिवसांतच ढासू लागतात. ताप चढतो, खाणे सुटते आणि काही वासरे न्यूमोनियाने दगावतात. युरोप-अमेरिकेतल्या गोपालकांना हा आजार चांगलाच ठाऊक आहे. तिकडे त्याला ‘शिपिंग फीव्हर’, म्हणजे वाहतुकीचा ताप, असेही म्हणतात. त्यामागचा प्रमुख जिवाणू ‘मॅनहायमिया हिमोलिटिका’. आपल्याकडे पावसाळ्याआधी गुरांना ज्याची लस टोचतात, त्या घटसर्पाचा जिवाणू याच कुळातला.

गंमत अशी की, मॅनहायमिया धडधाकट गुरांच्या नाका-घशातही आढळतो. त्याचा ‘ए-२’ हा प्रकार तिथे बिनबोभाट राहतो. आजार होतो तो बहुधा ‘ए-१’मुळे. तोही आधी मोजकाच असतो आणि मग एकाएकी बेसुमार वाढतो. एकाच जातीचे हे दोन प्रकार इतके वेगळे का वागतात?

याचे उत्तर उंदरावर प्रयोग करून मिळणे अवघड. या जिवाणूचे मुख्य विष मारते ते रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींना. जिवंत वासरांना मुद्दाम आजारी पाडणे क्लेशकारक आणि खर्चाचे; शिवाय छातीत क्षणोक्षणी काय चालले आहे, ते दिसत नाही. नेहमीच्या पद्धतीने द्रवात बुडवून वाढवलेल्या पेशीही फारशा उपयोगाच्या नाहीत. त्या चपट्याच राहतात. खऱ्या श्वासनलिकेवर सतत हलणारे, केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्यावर चिकट श्लेष्मा असतो.

ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर वापरलेली युक्ती साधी आहे. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या फुफ्फुसांतून श्वासवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काढायच्या आणि सच्छिद्र तळाच्या छोट्या वाटीत वाढवायच्या. पोषक द्रव फक्त खालून द्यायचा, वरची बाजू हवेला उघडी ठेवायची. हवा लागली की पेशींना जणू आपण कोण आहोत ते आठवते! सुमारे तीन आठवड्यांत त्यांच्यावर तंतू फुटतात, श्लेष्मा सुटू लागतो.

अशा अस्तरावर त्यांनी ए-१ आणि ए-२ वेगवेगळे सोडले आणि पाच दिवस निरीक्षण केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ए-२ पेशींत शिरलाच नाही. ए-१ मात्र पेशींच्या आत शिरला, तिथे झपाट्याने वाढला, शेजारच्या पेशींत पसरला आणि अस्तराची नासधूस झाली. अचानक होणाऱ्या त्या वाढीचे रहस्य कदाचित इथेच आहे. पेशीत दडलेल्या जिवाणूपर्यंत प्रतिपिंडे सहज पोचत नाहीत. त्यामुळे ए-१ला आत शिरू देणारे नेमके रेणू सापडले, तर लस तिथेच रोखण्यासाठी बनवता येईल.

अर्थात वाटी म्हणजे वासरू नव्हे. तिच्यात रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत. म्हणजे ज्यांच्यावर ते विष चालते त्याच गैरहजर. शिवाय वाटी ट्रकमध्ये बसून दमत नाही, कळपापासून तुटून बावरत नाही. हा ताण ए-१ला नेमका कसा मोकळे रान देतो, ते तिच्यातून कळणार नाही. त्यासाठी, आणि लसीच्या अंतिम चाचणीसाठी, खरी वासरे लागतीलच. मात्र त्याआधीच्या कित्येक फसणाऱ्या कल्पना अशा वाट्यांतच निकालात काढता येतील.