गार्ड (मुंबई उपनगरी रेल्वे)

गार्ड हा मुंबईच्या लोकल गाडीच्या शेवटच्या केबिनमधून गाडीचे थांबणे, सुटणे आणि प्रवाशांची सुरक्षितता यांवर लक्ष ठेवणारा रेल्वे कर्मचारी होय. जानेवारी २०२२ पासून भारतीय रेल्वेत या पदाचे अधिकृत नाव 'ट्रेन मॅनेजर' असे आहे. तथापि बोलण्यात 'गार्ड' हाच शब्द रूढ आहे. गाडी मोटरमन चालवितो. पण स्थानकातून ती हलविण्याचा इशारा गार्डकडून यावा लागतो.

स्वरूप

एसटी बसचा वाहक तिकिटेही देतो आणि घंटाही वाजवितो. युरोपातील अनेक प्रादेशिक गाड्यांत कंडक्टर दारे सांभाळतो व तिकिटेही तपासतो. लोकलमध्ये मात्र ही कामे विभागलेली आहेत. तिकिटे पाहणे हे तिकीट तपासनिसाचे (टीसी) काम असून गार्डचा त्याच्याशी संबंध नसतो. शेवटच्या स्थानकावर गाडीची दिशा उलटते, तेव्हा गार्डची केबिन मोटरमनची होते आणि मोटरमनची गार्डची.

घंटेचे संकेत

दोन्ही केबिन विजेच्या घंटेने जोडलेल्या असतात. एक ठोका म्हणजे 'थांबा' आणि दोन ठोके म्हणजे 'निघा'. फलाटावरील चढउतार पाहून गार्ड दोन ठोके देतो. सिग्नल अनुकूल असल्यास मोटरमन तेच ठोके परत देऊन गाडी सुरू करतो. बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते आणि बहुतेक स्थानकांवर ती जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्या वेळात गार्डला संपूर्ण फलाटावर नजर टाकावी लागते. वळणावरच्या फलाटावर पुढचे डबे त्याला नीट दिसत नाहीत. गाडी सुटल्यावरही, कोणी पडल्याचे वा फरफटत असल्याचे दिसल्यास, तो आपल्या केबिनमधून ब्रेक लावू शकतो.

आणीबाणीच्या प्रसंगी

डब्यातील साखळी ओढली गेल्यास तो डबा शोधणे, कारण पाहणे आणि साखळी पूर्ववत करणे हे सामान्यतः गार्डचे काम असते. सबळ कारणाशिवाय साखळी ओढणाऱ्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४१ नुसार एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दोन स्थानकांच्या मध्ये गाडी बंद पडल्यास मागून येणाऱ्या गाडीपासून तिचे रक्षण करण्याची जबाबदारीही गार्डवर असते. त्यासाठी लाल व हिरवे निशाण, हातदिवा ही साधने त्याच्याजवळ असतात. प्रथमोपचार पेटीही गाडीत असते.

दरवाजांचा प्रश्न

साध्या लोकलची दारे उघडीच असतात आणि ती बंद करण्याचे कोणतेही साधन गार्डच्या हाती नसते. दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशांपुढे त्याची दक्षता अपुरी पडते. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर विरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतील प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसविण्याची घोषणा रेल्वेने केली.

वातानुकूलित लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली. तिची दारे गार्ड उघडतो व मिटतो आणि ती पूर्ण मिटल्याखेरीज गाडी सुटत नाही. गर्दीमुळे दार अडले तर गाडीला उशीर होतो. परंतु उघड्या दारातून पडण्याचा धोका टळतो.